आधी मोजा, मग घाबरा: दम्याच्या लेकरासोबत नागपुरात राहताना

आमच्या पोट्ट्याची पहिल्यांदा छाती भरली तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि लेकराचा श्वास मोजायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. मी नुसतीच घाबरले. सासूबाईंनी ओवा गरम करून छाती शेकली, यांनी गाडी काढली, आणि हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, घरी मिनिटाला किती श्वास घेऊन राहिला होता? आम्ही तिघं एकमेकांची तोंडं पाहत उभे. आता तो साडेचार वर्षांचा आहे, मधल्या तीन वर्षांत दोनदा अ‍ॅडमिट झाला, गेल्या वर्षी एकदाही नाही, आणि या सगळ्यात मी जे शिकले ते बहुतेक मोजणंच आहे. मी बँकेत कॅशवर बसते त्यामुळे मोजायची सवय आधीपासून होती म्हणा. डॉक्टर नाही आहे मी, डोस तुमच्या डॉक्टरनं लिहिलेलाच द्यायचा, मी फक्त घरात काय कसं करायचं ते सांगून राहिले.

तर श्वास मोजणं. लेकरू झोपलेलं किंवा शांत असताना शर्ट वर करा, मोबाइलवर एक मिनिटाचं टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका कारण लहान पोरांचा श्वास एकसारखा नसतो, मधेच थबकतो मधेच पळतो. रडत असताना मोजलेलं काही कामाचं नाही, आणि तापात आकडा तसाही थोडा वाढतोच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त आणि १ ते ५ वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जोरात चालला आहे. पण याच्याही आधी एक काम करा, लेकरू एकदम ठणठणीत असतं त्या आठवड्यात तीन रात्री झोपेत मोजून लिहून ठेवा. आमच्या साहेबांचे झोपेत चोवीस-पंचवीस असतात, त्यामुळे चौतीस झाले की चाळीसची वाट न पाहता मला कळतं की काहीतरी सुरू झालं.

आकड्यासोबत डोळ्यांनीही पाहायचं असतं. बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का, गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का. शिटीसारखा आवाज येतो तो बहुतेक श्वास सोडताना येतो. हे दिसलं की व्हिडिओ काढून ठेवा, अर्ध्या मिनिटाचा पुरे, उजेडात, छाती उघडी असताना, कारण ओपीडीत गेल्यावर आपलं लेकरू असं काही उड्या मारतं की डॉक्टरला वाटावं आई उगाच घाबरट आहे. माझ्या तोंडी वर्णनावर दोन-तीन महिने काही झालं नाही, रात्री तीनचा व्हिडिओ दाखवल्यावर पाच मिनिटांत औषध बदललं.

आता नावाचं. पाच वर्षांच्या आत दमा आहे असं छातीठोक सांगणं डॉक्टरलाही अवघड असतं, कारण फुंकर मारायची जी टेस्ट असते ती पोरांना पाच-सहा वर्षांनंतरच धड जमते आणि सर्दीच्या व्हायरसनं छाती वाजणारी कितीतरी पोरं मोठी झाली की बरी होतात. त्यामुळे फाइलवर कोणी वीझिंग (छाती वाजणं) लिहितं, कोणी अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस, कोणी बालदमा. आमच्याकडे तर दमा हा शब्दच घरात चालत नव्हता, सासूबाई म्हणायच्या त्याला कफाची तक्रार आहे. नावावरून भांडू नका. डॉक्टरला दोनच गोष्टी विचारा: धाप लागली की काय द्यायचं, आणि धाप लागू नये म्हणून काही रोज द्यायचं आहे का?

या दोन औषधांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. एक पंप, म्हणजे इनहेलर, आरामाचा असतो, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, आकसलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतो, पाचेक मिनिटांत काम सुरू होतं आणि चार ते सहा तास टिकतं. दुसरा रोजचा, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड असलेला, तो नळ्यांची आतली सूज कमी करतो, त्याला जोर धरायला दिवस-आठवडे लागतात आणि ऐन धापेत तो दिला तर त्या घडीला उपयोग नाही. गडबड इथंच होते, लेकरू बरं दिसलं की रोजचा पंप बंद. आम्हीही केली ही चूक, दिवाळीत गावाला गेलो, आठ दिवस मस्त होता, म्हटलं कशाला उगाच, आणि तिथून पंधराव्या दिवशी अ‍ॅडमिट. तो बरा होता तो पंपामुळेच बरा होता हे डोक्यात शिरायला एक सलाइन लागलं. कमी करायचं असतं, पण साधारण तीन महिने नीट गेल्यावर आणि डॉक्टरनं सांगितल्यावर, टप्प्याटप्प्यानं.

पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. मी जाड मार्करनं एकावर "धाप" आणि एकावर "रोज" लिहून ठेवलं आहे, आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, काऊन बाप्पा, एवढ्याशा लेकराले पंप देऊन राहिली, सवय लागंन ना त्याले! सवय लागत नाही. उलट हिशेब करून पाहा. पंपाच्या एका पफमधे, म्हणजे एका दाबात, साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं, आणि त्याच औषधाच्या सिरपमधे ५ मिलीत २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा चमचा, अडीच मिली, सिरप पाजलं तर दहा पफांइतकं औषध पोटातून सगळ्या अंगात जातं, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुप्फुसापर्यंत पोचायला वेळही जास्त. स्टेरॉइडचं नाव ऐकून भीती वाटते ते समजू शकते मी, पण ओढून घ्यायचा डोस मायक्रोग्रॅममधे असतो. बरीच वर्षं घेतलं तर मोठेपणी उंचीत एखाद सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे मला डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं आणि मी ते स्वीकारलं, कारण रात्रभर धापणारं लेकरू तरी कुठं वाढतं. दम्या-अ‍ॅलर्जीवरची माँटेलुकास्टची गोळी किंवा पुडी चालू असेल तर मात्र एक लक्षात ठेवा, काही पोरांना त्यानं वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, वागणं बदलतं, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२० मधे यावर सगळ्यात कडक इशारा लावला आहे. असं काही दिसलं तर मोठा होऊन राहिला म्हणून सोडून न देता डॉक्टरला कळवा.

पंप कधीच थेट तोंडात नाही, लहान पोरांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधे लावायची प्लास्टिकची नळी, आणि मास्क लागतोच. पंप जोरात हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, फट राहिली की औषध हवेत गेलं, एक पफ दाबा आणि पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क हलवू नका. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, परत हलवा, परत दाबा. दोन पफ एकदम दाबून वेळ वाचवायचा नाही, औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटून राहतं. आणि रडत्या लेकराला जबरदस्तीनं दाबून दिलं तर आत फार कमी जातं, त्यामुळे खरी मेहनत लेकरू राजी करण्यात आहे. आमच्याकडे मेट्रो चालते, दर श्वासाला एक स्टेशन. मास्क लागला की जयप्रकाश नगर, एक श्वास, छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, आणि सीताबर्डी आलं की दरवाजे उघडतात, मास्क निघतो. बरोबर सहा श्वास. आधी आठ दिवस टेडीला देत होतो, मग बाबाला, मग तो स्वतःच मागायला लागला. रोजचा पंप झाला की चूळ भरायची आणि मास्कखालचं तोंड ओल्या कपड्यानं पुसायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आम्ही ब्रश करायच्या आधीच देतो, दोन्ही कामं एकात.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच हवेवर वाळू द्यायचा. आतून कपड्यानं घासून पुसू नका, प्लास्टिकला स्टॅटिक (घासून येणारी वीज) येतं आणि औषध भिंतीला चिकटतं. नेब्युलायझरचं, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कनं देणारं, मशीन घ्यायची घाई करू नका असं माझं मत आहे. साध्या-मध्यम धापेला स्पेसर तितकंच काम करतो, मशीन धुवायची कटकट वेगळी, आणि मे महिन्यात रात्री लाइट गेली की ते मशीन नुसतं शोभेला.

पफही मोजा. पंपावर किती डोसचा आहे ते लिहिलेलं असतं, बहुतेक आरामाचे २०० चे येतात. काउंटर नसेल तर डब्याच्या मागे कागद चिकटवून रेघा मारा. पंप रिकामा झाला तरी आतला गॅस फुस्स करतच राहतो, औषध मात्र नसतं. हलवून पाहणं, पाण्यात टाकून तरंगतो का पाहणं, हे सगळं बेकार आहे. आणि रेघांचा दुसरा उपयोग म्हणजे धापेचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागू लागला किंवा रात्री खोकल्यानं उठू लागला तर रोजचं औषध कमी पडून राहिलं आहे, तोच कागद घेऊन डॉक्टरकडे जायचं.

आता नागपूरचं घर. आपल्याकडे सगळ्यात मोठा आरोपी माझ्या मते कूलर आहे, आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. पंचेचाळीस डिग्रीत कूलरशिवाय राहा असं मी म्हणणार नाही, पण मागच्या वर्षीचं गवत, त्यावर आठ महिन्यांची धूळ आणि बुरशी, एप्रिलमधे बटन दाबलं की सगळं सरळ पलंगावर. सीझन सुरू व्हायच्या आधी गवताच्या ताट्या नव्या टाका, टाकी घासून उन्हात कोरडी करा, पहिला अर्धा तास लेकरू दुसऱ्या खोलीत ठेवून चालवा. पाणी आठवड्यात एकदा पूर्ण काढून टाकायचंच, बुरशीसाठीही आणि डेंग्यूच्या डासांसाठीही. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पाऊस लागला की कूलर बंद, दमट हवेत तो गारवा देत नाही, फक्त ओल देतो.

ऊन मात्र आपल्या बाजूचं आहे. गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांना ओल लागते, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात गाद्या, रजया, उशा गच्चीवर दिवसभर टाका, उलटवा, झटका, पण झटकताना लेकरू खाली. चादरी आठवड्याला गरम पाण्यात. झाडू मारायच्या ऐवजी ओलं पोछा, किंवा तो बाहेर असताना झाडू. केसाळ टेडी एकच ठेवा, तोही धुवायचा.

धुराचं तर विचारूच नका. मच्छर कॉइलवर २००३ चा एक अभ्यास आहे, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले होते. मच्छरदाणी लावा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बाल्कनीत ओढूनही कपड्यांवर येतेच. उदबत्ती-धूप यावर आमच्याकडे शीतयुद्ध झालं, शेवटी देवघरात तुपाचं निरांजन आणि फुलं असा तह झाला. उन्हाळ्यात भिवापुरी मिरची आणून वर्षभराचं तिखट करतात त्या दिवशी पोट्ट्याला मामाकडे पाठवते. घरात मिरचीची फोडणी असेल तरी एक्झॉस्ट लावून स्वयंपाकघराचं दार बंद. बाहेरच्या हवेवर आपला ताबा नाही, सिमेंट रोडचं काम, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डेपोत कचरा पेटला की तो वास, थंडीत सकाळी चौकातल्या शेकोट्या. त्या दिवशी खेळायची वेळ बदलायची, खेळ बंद नाही करायचा. खेळताना खोकला येत असेल तर ते औषध नीट बसलं नसल्याचं लक्षण आहे, पोराला बसवून ठेवायचं कारण नाही.

सतत आजारी पडण्याबद्दल. पाचच्या आतल्या धडधाकट लेकराला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतात, प्लेस्कूल सुरू झालं की त्याहूनही जास्त. आता बँकवाल्या बाईचा हिशेब, आठ सर्द्या गुणिले दहा दिवस म्हणजे ऐंशी दिवस, आणि या बहुतेक जुलै ते फेब्रुवारीत येतात, वर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे एक खोकला जायच्या आत दुसरी सर्दी हजर. म्हणून वाटतं हा कायमच आजारी आहे. कॅलेंडरवर सर्दी सुरू झाली तो दिवस लाल आणि संपली तो हिरवा करा, मधे चांगले दिवस दिसले की आपलाही जीव थाऱ्यावर येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवत नेतात, लोक ओरडतात रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत, तेव्हा मी सगळ्यात जोरात ओरडते, कारण ऐन तेव्हाच आमचा खोकल्याचा सीझन भरात असतो. मिरवणुकीच्या गर्दीत आणि धुरळ्यात मात्र पोराला नेत नाही, गॅलरीतूनच.

व्हायरसच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, शेंबूड हिरवा झाला म्हणूनही नाही. मागच्या वेळचं उरलेलं तर अजिबात नाही. पण काही गोष्टी नेहमीच्या नाहीत: वजन वाढत नाही, वर्षात दोनदा न्यूमोनिया, कान वारंवार फुटतो, ओला खोकला चार आठवड्यांच्या वर जातो, घरात किंवा आजूबाजूला टीबीचा पेशंट आहे. हे असेल तर तपासणी मागून घ्या. आणि ठणठणीत लेकरू खेळता-खाता अचानक खोकून वाजायला लागलं, जवळ शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया पडलेल्या असतील, तर तो दमा समजून पंप देत बसू नका, नळीत काही अडकलं असू शकतं, सरळ हॉस्पिटल.

खोकल्याच्या सिरपबद्दल आपण नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे छिंदवाड्याच्या परासियाकडची लेकरं किडन्या निकामी होऊन इथं आपल्याच हॉस्पिटलांत आणली होती, सिरपमधे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, कितीतरी गेली. त्यानंतर केंद्र सरकारनं परत बजावलं की २ वर्षांच्या आत खोकल्या-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही आणि ५ वर्षांच्या आतही सहसा नाही. मेडिकलवाल्याला "पोराला खोकला आहे काहीतरी द्या" हे वाक्य बंद करा. एक वर्षाच्या वर असेल तर मध अर्धा चमचा, कोमट पाणी, नाकात सलाइनचे थेंब, बस. उकळत्या पाण्याची वाफ नको, दम्यावर फायदा नाही आणि पातेलं लवंडून भाजतं ते वेगळं. हैदराबादला मृगाला दम्यासाठी देतात ते माशाचं औषध आणि कोजागिरीची दम्याची खीर, दोन्ही सल्ले आम्हाला मिळाले. मृगाच्या गर्दीत रात्रभर ट्रेननं खोकणारं पोर न्यायची माझी हिंमत नाही. संत्र्यालाही उगाच दोष देतात, संत्र्यानं कफ होत नाही, आमचा तर दिवसाला दोन खातो. लेकराला एखाद्या पदार्थानं खरंच त्रास होताना दिसला तरच तो बंद करा, केळी-दही-संत्री सरसकट बंद करून पोर वाळवू नका.

फ्लूची लस सहा महिन्यांपासून दर वर्षी घेता येते, पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, आणि पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमधे घेतलेली बरी. न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची, लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, कार्डावर ती झाली आहे का पाहा.

आता धापेची रात्र. डॉक्टरकडून लेखी कागद आधीच घेऊन ठेवा, फ्रीजवर चिकटवा. आमच्या कागदावर असं आहे: धापेचा पंप २ पफ, २० मिनिटं थांबून श्वास मोजा, उतरला नाही तर परत २, परत २० मिनिटं, असं पहिल्या तासात तीनदापर्यंत, तरी नाही तर निघा, आणि उतरून तीन-चार तासांच्या आत परत चढला तरी निघा. तुमचा कागद वेगळा असू शकतो. लेकराला झोपवू नका, मांडीवर ताठ बसवा, तुमचा आवाज खाली ठेवा. कोविडमधलं बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर असेल तर लहान बोटावर ते नीट बसत नाही, ९२ च्या खाली खरंच दाखवत असेल तर घरी थांबू नका, पण ९७ दाखवतं म्हणून निर्धास्तही होऊ नका, बरगड्या पाहा.

काही वेळा वीस मिनिटंही थांबायचं नसतं. ओठ-जीभ निळसर, बोलता किंवा दूध पिता येत नाही, लेकरू सुस्त पडलं, खड्डे खोल पडून राहिले, किंवा आधी वाजणारी छाती अचानक शांत झाली आणि लेकरू तसंच धापतंय. शांत झाली म्हणजे बरं वाटलं असं नाही, हवाच जाऊन नाही राहिली. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन आहे ते काढा आणि वाटेत पंप देत राहा. कुठं जायचं ते बरं असतानाच ठरवा, मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स ही सरकारी हॉस्पिटलं की जवळचं मुलांचं हॉस्पिटल, रात्री तिथं मुलांचे डॉक्टर असतात का हे फोन करून विचारून ठेवा, आणि एकदा रात्री दहा वाजता गाडीनं जाऊन या. आम्ही गेलो होतो. दिवसा पंचवीस मिनिटांचा रस्ता अकरा मिनिटांत झाला, आणि मागच्या गेटला कुलूप असतं हेही त्याच दिवशी कळलं.

शाळेत एक जास्तीचा पंप आणि स्पेसर द्या, पिशवीवर नाव, डोस आणि तुमचे दोन नंबर, पंपाची एक्स्पायरी मोठ्या आकड्यांत. टीचरना तोंडी सांगून भागत नाही, एकदा लेकरावरच करून दाखवा. आमच्या टीचरनी एकदा पाहिलं आणि विचारलं, मॅडम, हा सीताबर्डी सीताबर्डी काऊन म्हणून राहिला? आता त्यांनीही सहा स्टेशनं पिशवीवर लिहून घेतली आहेत.